वीट फाटली की पाणी वाढवू नका, आधी लायनर बघा

प्रेसवरून उतरलेल्या कच्च्या विटेच्या कडेला केसासारखी आडवी चीर दिसली की पहिली हाक मिक्सरवाल्याला जाते: "पाणी वाढव रे थोडं." फायर ब्रिकच्या, म्हणजे भट्टीच्या अस्तराला लागणाऱ्या विटेच्या खात्यातली ही सगळ्यात जुनी चूक. मीही केली आहे. तीन दिवस पाणी कमी-जास्त केलं, बॉक्साइटचा लॉट बदलला, चीर जागची हलेना.

जागची हलेना, यातच उत्तर होतं. दहा विटा एका ओळीत मांडा. चीर प्रत्येक विटेत त्याच बाजूला, त्याच उंचीवर असेल तर दोष डायचा, म्हणजे साच्याचा. जागा बदलत असेल तर मालाचा, नाहीतर आत कोंडलेल्या हवेचा.

बॉक्साइटच्या भाजलेल्या दाण्यात कोरंडम असतं, कडकपणाच्या मोहस् मापावर ९. लायनर म्हणजे साच्याच्या आतल्या चार बाजूंना बसवलेल्या पाट्या; डी-२ पोलादाचा लायनर ६० एचआरसीपर्यंत (रॉकवेल कडकपणा) कडक केला तरी त्यापुढे मऊच. शिवाय झीज सगळीकडे सारखी नसते. शेवटच्या दाबाला वीट जिथे बसते, त्या पट्ट्यात लायनरला बशीसारखा खोलगटपणा येतो. माल त्यात भरतो, दाब सुटल्यावर वीट आणखी किंचित फुगते, आणि मग तिला वरच्या न झिजलेल्या, अरुंद तोंडातून बाहेर ढकलायचं. फाटणारच. डाय पुसून पोलादी पट्टी लायनरवर उभी टेकवा आणि बाजूने टॉर्च मारा. पट्टीखालून उजेड दिसला की समजा. नखालाही पायरी लागते.

दुसरी चूक वजनाची, आणि ती जास्त महागात पडते. २३० × ११४ × ७५ मिमीच्या साच्यात प्रत्येक लायनर अर्धा मिमी झिजला की वीट २३१ × ११५ होते. माल तेवढाच, घनताही तेवढीच, म्हणजे जाडी ७४ वर येते. ऑपरेटर जाडी मोजतो, विटेमागे साठ-सत्तर ग्रॅम माल वाढवतो आणि खूश होतो. लांबी-रुंदी कोणी मोजत नाही. ते भट्टीचं अस्तर लावणाऱ्या मिस्त्रीला कळतं, तेही शिव्या देत.

चारपैकी एकच लायनर बदलण्याची काटकसर तर नकोच. पंच (माल दाबणारा ठोकळा) आणि लायनरमधली फट एका बाजूला घट्ट, दुसरीकडे सैल राहते. सैल बाजूने विटेला पापुद्र्यासारखी बर, म्हणजे फटीत घुसलेल्या मालाची पातळ कड, येते आणि ती तुटताना कड घेऊन जाते.

वीट फोडल्यावर आत पापुद्रे सुटले, तर मात्र लायनरला हात लावू नका. ती हवा. स्क्रू प्रेसवर पहिले दोन ठोके हलके द्या, हवा निघू द्या, मग पूर्ण ताकद. माल फार ओला असेल तरीही हेच होतं. मुठीत दाबलेला गोळा टिकायला हवा, पण तळहात ओला होता कामा नये. फार कोरडा मालही नको, त्याने कडा झडतात आणि लायनरही लवकर झिजतो.

नवा सेट बसवला की पहिल्या दहा विटांची लांबी-रुंदी प्रेसशेजारच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. आमच्याकडे ती भिंत आता कोणी पुसत नाही.