डेथ कार्ड आलं की घाबरायचं का? टॅरोमधली शेवटाची आणि सुरुवातीची कार्डं कशी वाचायची

रात्री उशिरा व्हॉट्सअॅपवर एक फोटो येतो, काळ्या चिलखतातला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर बसलाय, आणि खाली एवढंच लिहिलेलं असतं, "ताई हे काय आलं?? झोप उडाली." असे मेसेज मला वर्षातून बरेचदा येतात, बहुतेक टॅरोचा, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांचा, नवीन पॅक घेतलेल्या लोकांकडून. प्रत्येकाला वेगवेगळं समजावण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावं म्हटलं. मी इथे रायडर-वेट पॅक धरून सांगतेय, १९०९ साली लंडनमध्ये निघालेला, ज्याची चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी काढली. आज दुकानात मिळणारे बरेचसे पॅक त्याच्यावरूनच बनलेत, त्यामुळे तुमचा पॅक वेगळा असला तरी फार अडणार नाही.

सुरू करायच्या आधी एक गोष्ट पक्की करा

पत्त्यांवरून कोणाचा मृत्यू सांगायचा नाही. स्वतःचा नाही, दुसऱ्याचा तर अजिबातच नाही. आजारपणाचा प्रश्न असेल तर पॅक बाजूला ठेवायचा आणि डॉक्टरकडे जायचं. हे मी इतक्या ठामपणे सांगतेय कारण माझ्या एका मैत्रिणीला एका रीडरने (पत्ते वाचून सांगणाऱ्याने) डेथ कार्ड दाखवून घरातल्या माणसाला धोका आहे असं सांगितलं आणि उपायाचे पैसे मागितले, ती बिचारी दोन आठवडे नवरा घरी येईपर्यंत दारात उभी राहायची. मला अजून त्याचा राग येतो. टॅरोचे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळायला म्हणून बनले, भविष्य बघायला त्यांचा वापर व्हायला लागला तो बराच नंतर, अठराव्या शतकात फ्रान्समध्ये. मी ते वापरते ते माणसाला स्वतःशी नीट बोलता यावं म्हणून, आणि त्या कामात ते मला फार जवळचे वाटतात.

पायरी १: प्रश्न बदला

"माझी नोकरी जाईल का", "ब्रेकअप होईल का" असे हो-नाही प्रश्न विचारले की शेवटाचं कार्ड आल्यावर छातीत धस्स होणारच. त्याऐवजी असं विचारा, "या नोकरीतलं माझ्यासाठी काय संपत आलंय आणि मला कशासाठी जागा करायचीय?" प्रश्न कागदावर लिहा. खरंच लिहा, मनातल्या मनात विचारलेला प्रश्न कार्ड बघितल्यावर हळूच बदलतो.

पायरी २: पुस्तक न उघडता चित्र बघा

दोन मिनिटं फक्त बघायचं. डेथ कार्डावर बघा काय काय आहे. घोड्याखाली राजा आडवा पडलाय, मुकुट बाजूला. पुढे पिवळ्या झग्यातला धर्मगुरू हात जोडून उभा. एक तरुण मुलगी गुडघ्यावर बसलीय पण तिने तोंड फिरवलंय, बघवत नाहीये तिला. आणि तिच्याजवळ एक लहान मूल, ते मात्र घोड्याकडे सरळ बघतंय. मागे नदी आहे, नदीत होडी, आणि लांब दोन बुरुजांच्या मधे सूर्य.

आता स्वतःला विचारा, या चौघांपैकी आत्ता मी कोण? राजासारखी अडून बसले आणि आडवी झाले? धर्मगुरूसारखी "अजून थोडे दिवस दे" म्हणून विनवतेय? तोंड फिरवलंय? की त्या मुलासारखी बघू शकतेय? माझ्या अनुभवात डेथ कार्डाचं निम्मं वाचन इथेच होतं, कारण काहीतरी संपतंय हे माणसाला आधीच माहीत असतं, आपण त्याच्यासमोर कसे उभे आहोत हे माहीत नसतं.

फ्रान्समधल्या जुन्या मार्से पद्धतीच्या बऱ्याच पॅकमध्ये या कार्डावर नाव छापलेलंच नसतं, फक्त तेरा आकडा. मला ते कळलं तेव्हा आपलीच भाषा आठवली. आपण तरी कुठे शेवटाचं नाव घेतो, दुकान बंद केलं म्हणत नाही, दुकान वाढवलं म्हणतो. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ वाढवतात. घरातून निघताना "जाते" म्हटलं की आजी ओरडायची, "येते म्हण." म्हणजे शेवटाच्या शब्दातच पुढचं काहीतरी ठेवायची सवय आपल्याला लहानपणापासून आहे, आणि ही कार्डं वाचताना नेमकं तेच करायचं असतं.

पायरी ३: शेवट कुठल्या प्रकारचा आहे ते ओळखा

सगळी शेवटाची कार्डं एकाच डब्यात टाकू नका, ही नवीन लोकांची सगळ्यात मोठी चूक.

डेथमध्ये घोडा चालत येतोय, चौखूर उधळत नाही. म्हणजे हा हळूहळू होणारा, ऋतू बदलतो तसा शेवट, ज्याची चाहूल आधीपासून असते. टॉवर त्याच्या बरोब्बर उलट, वीज पडलीय, बुरुजावरचा मुकुट उडालाय, दोन माणसं डोकं खाली करून पडतायत, कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही. टॉवर आलं की मी लोकांना विचारते, "हा बुरुज बांधला कोणी होता आणि कशावर?" कारण पडलेलं बहुतेक वेळा आधीच पोकळ असतं, लग्न असो की पार्टनरशिप.

टेन ऑफ सोर्ड्स बघायला सगळ्यात वाईट, पाठीत दहा तलवारी घेऊन माणूस पालथा पडलाय. पण आकाश बघा ना, वर काळं आणि खाली क्षितिजावर पिवळा पट्टा. आणि तलवारी मोजा, दहा. अकरावं कार्ड त्या सेटमध्ये नंबराचं नाहीच. म्हणजे त्या दुःखाचा हा तळ आहे, याच्याखाली जायला जागा नाही. ज्यांचं खरंच सगळं विस्कटलंय त्यांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा थोडा सैल होतो, मी बघितलंय.

एट ऑफ कप्स मात्र वेगळंच. इथे कोणी काही मोडलं नाही. आठही पेले उभे आहेत, आणि लाल कपड्यातला माणूस काठी घेऊन रात्री चंद्राखालून पाठ फिरवून चाललाय. आपणहून सोडलेलं. हे वाचायला सगळ्यात अवघड कारण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं चांगलं तर चाललं होतं.

सिक्स ऑफ सोर्ड्स म्हणजे होडीतून पलीकडे जाणं, एक बाई, एक मूल, नावाडी. बोटीच्या अलीकडचं पाणी खळबळलेलं, पलीकडचं शांत. सहा तलवारी होडीतच आहेत, म्हणजे सगळं मागे टाकून नाही जाता येत, थोडं सोबत येतं. जजमेंटमध्ये तुतारी वाजते आणि माणसं शवपेटीतून उठून उभी राहतात, जुनी गोष्ट परत समोर येऊन तिचा निकाल लागणं. वर्ल्ड हा पूर्ण झाल्याचा शेवट, डिग्री हातात आली, घराच्या शेवटच्या हप्त्याचं पत्र आलं, तसा. तोही शेवटच असतो आणि त्यानंतर येणारं रितेपणही खरं असतं, ते लोक विसरतात.

पायरी ४: पुढचा नंबर बघा

मेजर अर्कानात, म्हणजे डेथ, टॉवर अशा स्वतःचं नाव असलेल्या मोठ्या कार्डांच्या गटात, शून्य ते एकवीस अशी २२ कार्डं आहेत. शेवटाचं कार्ड आलं की क्रमाने त्याच्या पुढचं कार्ड पॅकमधून शोधून शेजारी ठेवा. डेथ १३, पुढे १४ टेम्परन्स, एक देवदूत एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात पाणी ओततोय. टॉवर १६, पुढे १७ स्टार, एक बाई तळ्याकाठी दोन घड्यांमधून पाणी ओततेय. दोन्हीकडे पाणी, म्हणजे मोडल्यावर लगेच पळायचं नाहीये, आधी ओलावा येऊ द्यायचाय. आपल्याकडे बऱ्याच घरांत तेराव्याला गोडाचं जेवण असतं आणि मग घर हळूहळू रोजच्या कामाला लागतं. टॅरोचा आणि त्याचा संबंध काही नाही, आकडा योगायोगाने जुळलाय, पण मला तेरानंतर चौदा असतं हे त्यामुळे कधी विसरायला होत नाही.

आणि वर्ल्ड २१, त्याच्या पुढे? परत शून्य, फूल, म्हणजे इंग्रजीतला मूर्ख.

पायरी ५: सुरुवातीची कार्डं

मराठीत "फूल" लिहिलं की गुलाबाचं फूल डोळ्यासमोर येतं आणि त्या कड्यावर उभ्या पोराच्या हातात खरंच पांढरा गुलाब आहे. आता परत डेथ कार्ड काढा आणि त्या काळ्या झेंड्यावर काय आहे बघा. पांढरा गुलाब! मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी दोन्ही कार्डं कितीतरी वेळ हातात धरून बसले होते. दोन्हीकडे सूर्यही आहे.

चार एस (एक्के) म्हणजे चार सेटची चार बीजं, प्रत्येकात ढगातून एक हात काहीतरी पुढे करतोय. वॉन्ड्स (काठ्या) म्हणजे उत्साह, कप्स म्हणजे नातं किंवा मन, सोर्ड्स म्हणजे स्पष्ट विचार, पेंटॅकल्स (नाणी) म्हणजे पैसा, घर, शरीर, हाताला लागणारं काहीतरी. हात फक्त देतोय, घ्यायचं काम तुमचं, म्हणून एस आलं की "सगळं छान होणार" असं सांगून मोकळं होऊ नका.

पायरी ६: तीन कार्डं मांडा

पॅक नीट शफल करा, तीन कार्डं काढा: काय संपतंय, मधे मी कशी उभी आहे, काय उगवू शकतं. एक खरं वाचन सांगते, त्यांना विचारून. डोंबिवलीतल्या एक काकू, चौदा वर्षं डबे करतायत, बंद करू का असा प्रश्न. एट ऑफ कप्स, डेथ, एस ऑफ पेंटॅकल्स.

मी विचारलं, काकू पहिलं लक्ष कुठे गेलं? त्या म्हणाल्या, "अगं वरच्या रांगेत मधे जागा रिकामी आहे, एक पेला कमी वाटतोय." थोड्या वेळाने स्वतःच म्हणाल्या, "पाय दुखतात म्हणून नाही गं, आता पोळी कशी झाली हे कोणी सांगतच नाही." तिथे कळलं काय संपलंय ते. डेथवर त्यांनी न विचारता धर्मगुरूवर बोट ठेवलं, "ही मी." एस ऑफ पेंटॅकल्समध्ये खाली बाग आहे आणि वेलींच्या कमानीतून वाट बाहेर जाते, ती वाट बघून त्या म्हणाल्या की दिवाळीचा फराळ मात्र मला अजून करावासा वाटतो. मी काहीच सल्ला दिला नाही. पुढच्या महिन्यात त्यांनी गिऱ्हाइकांना एक महिन्याची मुदत दिली आणि मला फोन करून सांगितलं, "डबे वाढवायला घेतलेत."

उलटं कार्ड आलं तर

शेवटाचं कार्ड उलटं, म्हणजे चित्राचं डोकं खाली असं, आलं तर मी एवढंच बघते की संपलेली गोष्ट कोणी धरून ठेवलीय का, आणि सुरुवातीचं उलटं आलं तर घाई होतेय का. नवीन असाल तर पहिले सहा महिने सगळी कार्डं सरळच ठेवून वाचा, काही बिघडत नाही.

लिहून ठेवा

तारीख, प्रश्न, तीन कार्डं, आणि समोरच्याने सगळ्यात आधी चित्रातलं काय दाखवलं ते, त्याच्याच शब्दांत. तुमचा अर्थ नंतर, वेगळ्या रंगाच्या पेनने. तीन महिन्यांनी तेच पान उघडा, नवीन कार्डं न काढता. त्याच प्रश्नासाठी दर आठवड्याला परत परत पॅक पिसत बसलात तर पाचव्यांदा काय आलं आणि पहिल्यांदा काय आलं होतं ते तुम्हालाच आठवणार नाही.