पाइननोटवर लिनक्स: आधी वेव्हफॉर्म, मग बूटलोडर

पाइन६४ चा पाइननोट हा १०.३ इंची ई-इंक टॅबलेट. आत रॉकचिपची आरके३५६६ चिप, ४ जीबी रॅम, १२८ जीबी ईएमएमसी स्टोरेज. सुरुवातीचे टॅबलेट अँड्रॉइडसह आले. ते अँड्रॉइड न काढता शेजारी लिनक्स कसं बसवायचं, ते पाहू.

बूटलोडर (यंत्र सुरू होताना सिस्टिमला चालू करणारा छोटा प्रोग्राम) बिघडला की टॅबलेट कायमचा गेला, ही भीती मनातून काढा. चिपमधला मास्करॉम, म्हणजे चिपमध्येच कोरलेला सुरुवातीचा कोड, पुसला जात नाही. ईएमएमसीवर चालण्याजोगं काही सापडलं नाही तर तो यूएसबीवर येऊन थांबतो आणि संगणकावरून बूटलोडर पुन्हा चढवता येतो. जपायचं ते वेव्हफॉर्म पार्टिशन (पार्टिशन म्हणजे स्टोरेजचा वेगळा केलेला भाग). कोणत्या तापमानाला पडद्यावरच्या कणांना कोणता व्होल्टेज किती वेळ द्यायचा, याचे तक्ते त्यात असतात आणि ते तुमच्याच पॅनेलसाठी असतात. ते गमावलं तर दुसऱ्याची फाइल आणून तसाच पडदा मिळेल याची खात्री नाही.

१. बॅकअप. टॅबलेट डाउनलोड मोडमध्ये (संगणकावरून स्टोरेज वाचता-लिहिता येतं त्या स्थितीत) न्या, यूएसबी-सी केबलने जोडा आणि आरकेडेव्हलपटूल या संगणकावरच्या साधनाने पार्टिशनची यादी काढून जपून ठेवा. मग वेव्हफॉर्म दोनदा वाचा, दोन्ही फाइलींचे चेकसम (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे) जुळवा आणि एक प्रत संगणकाबाहेर ठेवा. लगेच यू-बूट हा बूटलोडर ज्यात असतो त्या यूबूट पार्टिशनचीही प्रत घ्या. मूळ यू-बूटमधून ३२ एमबीच्या, म्हणजे ६५,५३६ सेक्टरच्या (स्टोरेजच्या ५१२ बाइटच्या तुकड्यांच्या) पुढचं नीट वाचता येत नाही. फाइल तयार होते, पण आत कचरा असतो. ही दोन्ही पार्टिशन त्या हद्दीच्या आत आहेत.

२. यू-बूट. वाचनाची ही चूक दुरुस्त केलेलं यू-बूट फक्त यूबूट पार्टिशनमध्ये लिहा. त्यानंतर उरलेल्या पार्टिशनचा बॅकअप घ्या.

३. पार्टिशन. सगळ्यात मोठं यूजरडेटा शेवटी असतं. ते काढून लहान करा आणि मोकळ्या जागेत लिनक्सचं पार्टिशन करा. अँड्रॉइडमधल्या वह्या-पुस्तकं यात पुसली जातात, तेव्हा ती आधी उतरवून घ्या. जीपीटी तक्ता, म्हणजे कोणतं पार्टिशन कुठे आहे याची स्टोरेजवरची नोंद, कोऱ्यापासून मात्र बनवू नका. नेहमीची साधनं पहिलं पार्टिशन २०४८ व्या सेक्टरपासून धरतात, तर रॉकचिपचा पहिला लोडर ६४ व्या सेक्टरवर आणि यू-बूट १६,३८४ व्या सेक्टरवर असतं. म्हणजे तुमची फाइल सिस्टिम थेट यू-बूटवर जाऊन बसेल. बदललेला तक्ता जुन्या यादीशी ताडून पाहा: यूजरडेटाच्या आधीचा एकही आकडा हललेला नको. लिनक्सच्या पार्टिशनवर लेगसी बूटेबल खूण लावा. एक्स्टलिनक्सची फाइल, म्हणजे काय बूट करायचं ते सांगणारी फाइल, कुठे शोधायची, हे यू-बूटला त्यावरून कळतं.

४. लिनक्स. पार्टिशन एक्स्ट४ मध्ये फॉरमॅट करून रूट फाइल सिस्टिम (लिनक्सच्या सगळ्या फाइलींचा संच) उतरवा. बूट फोल्डरमधल्या एक्स्टलिनक्सच्या फाइलीत कर्नल (लिनक्सचा गाभा), डिव्हाइस ट्री (हार्डवेअरचं वर्णन), इनिट्रॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला रॅममध्ये उघडणारी छोटी फाइल सिस्टिम) आणि रूट पार्टिशन नमूद करा. जपून ठेवलेलं वेव्हफॉर्म फर्मवेअर फोल्डरातल्या रॉकचिप फोल्डरमध्ये 'ईबीसी.डब्ल्यूबीएफ' या नावाने ठेवा आणि इनिट्रॅमएफएस पुन्हा बनवताना तेही आत घ्या. पडद्याचा ड्रायव्हर ते बूटच्या सुरुवातीलाच मागतो.

५. पहिलं बूट. ई-इंकवर वीज नसतानाही जुनं चित्र तसंच राहतं, त्यामुळे पडदा हलला नाही यावरून काहीच ठरवू नका. यूएसबी-सीमधून निघणारा सीरियल कन्सोल (बूटचे संदेश संगणकावर दाखवणारी जोडणी) १५,००,००० बॉड या वेगावर उघडा. यू-बूटच्या ओळी दिसून कर्नलच्या दिसल्या नाहीत, तर एक्स्टलिनक्सची फाइल तपासा. लॉगिन येऊनही पडदा तसाच असेल, तर वेव्हफॉर्मची फाइल इनिट्रॅमएफएसमध्ये गेलीच नाही, असं आधी धरून चला.