डॉक्टरांची नोंदणी: फॉर्म सोपा, नाव अवघड

एमबीबीएस पास झालात, तरी महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत नाव चढेपर्यंत स्वतंत्रपणे रुग्ण तपासता येत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार विनानोंदणी प्रॅक्टिसला एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

पहिली पायरी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरती नोंदणी. अंतिम वर्षाचा निकाल लागला की इंटर्नशिपआधी ती घ्यायची. ती इंटर्नशिपपुरतीच असते. तिच्या जोरावर संध्याकाळी कुणाच्या दवाखान्यात बसू नका, कुणी कितीही गळ घातली तरी.

बहुतेकांचं घोडं अडतं ते नावात. माझ्या वडिलांचं नाव दत्तात्रय. बारावीच्या गुणपत्रिकेवर इंग्रजीत शेवटी 'ए' नव्हता, आधारवर होता. मी आधार बघून फॉर्म भरला. कायम नोंदणीच्या वेळी अर्ज त्रुटी काढून परत आला. 'प्रतिज्ञापत्र जोड, चालतं' असं सीनियर सांगत होते. मी जोडलं, अर्ज पुन्हा परत आला. तोवर पीजीची, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाची, जॉइनिंग तोंडावर आली होती. त्या दिवसांत माझी झोप उडाली होती.

म्हणून प्रोव्हिजनलचा फॉर्म उघडण्याआधी दहावीचं प्रमाणपत्र, बारावी आणि एमबीबीएसच्या गुणपत्रिका आणि आधार टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. एकाने स्पेलिंग मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने पट्टी धरून अक्षर न् अक्षर तपासायचं. आडनाव आधी की नंतर, वडिलांचं नाव पूर्ण की नुसतं आद्याक्षर, हेही बघा. दहावीचं नाव प्रमाण माना आणि बाकी सगळं त्याला जुळवून घ्या. चूक एमबीबीएसच्या कागदात असेल तर कॉलेजमार्फत नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे अर्ज करा, बारावीच्या कागदात असेल तर ज्युनियर कॉलेजमार्फत मंडळाकडे. हे आत्ताच करा, कारण पुढचा प्रत्येक कागद आधीच्या कागदावरून तयार होतो.

मुलींना कळकळीने सांगते: इंटर्नशिपच्या काळात लग्न झालं तरी नोंदणी माहेरच्याच नावाने पूर्ण करा. लग्नानंतर नाव बदलण्याची सक्ती कोणताच कायदा करत नाही. बदलायचंच असेल तर कायम नोंदणी हातात आल्यावर, विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली प्रसिद्धी जोडून बदला. माझं मत विचाराल तर व्यवसायातलं नाव कधीच बदलू नये.

एवढं जमलं की बाकीचं सरळ आहे. इंटर्नशिप पूर्ण झाल्याचा दाखला जोडून कायम नोंदणी घ्यायची. एमडी, एमएस झाल्यावर ती पदवी अतिरिक्त अर्हता म्हणून नोंदवायची आणि मगच पाटीवर लिहायची. दुसऱ्या राज्यात जायचं तर इथलं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, परदेशी जायचं तर 'गुड स्टँडिंग', म्हणजे नोंदणी चालू आणि निष्कलंक असल्याचं प्रमाणपत्र.

नूतनीकरण दर पाच वर्षांनी असतं आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट लागतात; ते वैद्यकीय कॉन्फरन्स, कार्यशाळांना हजर राहून मिळतात. शेवटच्या महिन्यात कॉन्फरन्समागे धावण्यापेक्षा दरवर्षी सहा-सात गोळा करा.

नोंदणी क्रमांक दवाखान्यात, प्रिस्क्रिप्शनवर, दाखल्यांवर आणि पावत्यांवर असलाच पाहिजे. आणि प्रमाणपत्र हाती आलं की लॅमिनेट करण्याआधी त्यावरचं नाव पुन्हा एकदा पट्टी धरून वाचा.