फेलोशिपचा इंटरव्ह्यू झाला, आता थँक यू ईमेल कसा लिहायचा

अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी (डॉक्टर झाल्यावरचं स्पेशालिटी ट्रेनिंग) करता करता कार्डिओलॉजी, जीआय (पोट-आतडी), हेम-ऑन्क (रक्ताचे आजार आणि कॅन्सर) वगैरेच्या फेलोशिपसाठी, म्हणजे त्यापुढच्या ट्रेनिंगसाठी, अप्लाय करणाऱ्यांचे इंटरव्ह्यू ऑगस्टच्या शेवटाकडे सुरू होतात आणि हमखास ज्युनियर्सचे मेसेज यायला लागतात, थँक यू पाठवायचा का, आणि नाही पाठवला तर प्रोग्रामच्या पसंतीच्या यादीत आपली रँक खाली जाईल का. रँकचं आधी सांगते. त्या भीतीने लिहू नका. इंटरव्ह्यूनंतर प्रोग्रामने कॅंडिडेटकडून ईमेल-पत्र मागायचं नाही, सक्ती तर अजिबात करायची नाही, हे एनआरएमपीच्या नियमांतच आहे (कॅंडिडेट आणि प्रोग्राम यांच्या पसंतीच्या रँक लिस्ट जुळवून जागा ठरवतात, त्याला मॅच म्हणतात, आणि तो चालवणारी संस्था ही). काही प्रोग्राम तर इंटरव्ह्यूच्या दिवशी स्लाइडवरच लिहितात की कृपया थँक यू पाठवू नका. तसं लिहिलं असेल तर खरंच पाठवू नका, त्यात काही छुपी परीक्षा नसते, त्यांचा इनबॉक्स भरून वाहतो म्हणून सांगतात.

पण तसं सांगितलं नसेल तर मी म्हणेन लिहा. समोरच्याने क्लिनिक आणि कॅथ लॅबच्या मधे वेळ काढून तुमचा अख्खा अर्ज वाचलेला असतो, पर्सनल स्टेटमेंटसकट, त्याचे आभार मानायला काही नफा-तोटा बघायची गरज नाही.

आता कसा लिहायचा. ईमेल लिहायची खरी वेळ इंटरव्ह्यूनंतरची नाही, इंटरव्ह्यूच्या मधली आहे. २०२० पासून बहुतेक सगळं झूमवर गेलंय, एका दिवसात चार-पाच जण भेटतात, आणि संध्याकाळपर्यंत कोण काय बोललं याची पार खिचडी होते. म्हणून शेजारी कोरा कागद ठेवायचा आणि एक रूम संपून दुसरी सुरू व्हायच्या आत दोन ओळी खरडायच्या. माझ्या एका कागदावर असं होतं: "दुसरे, एको लॅबवाले. अमायलॉइड क्लिनिक वाढवतायत. माझ्या केसमध्ये पायरोफॉस्फेट स्कॅनच्या आधी लाइट चेन्स का नाही पाठवल्या, विचारलं." बस एवढंच. (अमायलॉइड म्हणजे हृदयात वगैरे चुकीचं प्रोटीन साठण्याचा आजार, टीटीआर हा त्याचा एक प्रकार. पायरोफॉस्फेट स्कॅन त्यासाठी करतात, आणि लाइट चेन्स म्हणजे मोनोक्लोनल प्रोटीनमुळे होणारा दुसरा प्रकार नाही ना, हे बघायची तपासणी.) रात्री त्याच दोन ओळींवरून ईमेल झाला. तो इंग्रजीत होता, पण मतलब साधारण हा:

"डॉ. अमुक, आज माझ्यासाठी वेळ काढलात त्याबद्दल मनापासून आभार. स्कॅन पॉझिटिव्ह आला तरी मोनोक्लोनल प्रोटीन नाही याची खात्री झाल्याशिवाय टीटीआर म्हणायचं नाही, हे तुम्ही ज्या पद्धतीने समजावलंत ते डोक्यात पक्कं बसलं, पुढच्या महिन्यात आमच्या नून कॉन्फरन्सला मी हेच मांडणार आहे. तुमच्या अमायलॉइड क्लिनिकमध्ये फेलोला पहिल्या वर्षापासून पेशंट फॉलो करता येतात हे ऐकून तिथे शिकायची इच्छा आणखी वाढली. पुन्हा एकदा धन्यवाद."

तीन-चार वाक्यं, आणि त्यातलं एक तरी असं की ते दुसऱ्या कुणालाही पाठवता येणार नाही. तुमच्या ईमेलमधलं नाव बदलून तो दुसऱ्या प्रोग्रामला चालत असेल तर तो अजून झालेला नाही. एआयकडून लिहून घेतलेल्या ईमेलचा प्रॉब्लेम हाच असतो, ग्रामर छान असतं पण त्यात तो माणूसच नसतो. ग्रामर तपासायला वापरा, मजकूर तुमच्या कागदावरून येऊ दे.

आपल्याकडून येणाऱ्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण मी पण तशीच लिहायचे. "रिस्पेक्टेड सर", "काइंडली", "आय हंबली रिक्वेस्ट" हे सगळं काढून टाका. आपल्याला तो आदर वाटतो पण तिकडच्या वाचणाऱ्याला ते अर्ज केल्यासारखं लागतं. डॉक्टर आणि आडनाव, पुरे. त्यांनी स्वतः खाली नुसतं पहिलं नाव लिहिलं तरी तुम्ही डॉक्टरच म्हणा. आडनावाचं स्पेलिंग प्रोग्रामच्या पानावरून बघून घ्या. सब्जेक्टमध्ये तुमचं नाव, थँक यू आणि इंटरव्ह्यूची तारीख, खाली सहीत नाव, रेसिडेन्सी आणि एएएमसी आयडी (अर्जावरचा तुमचा नंबर), म्हणजे कुणाला फाइल शोधायची असेल तर लगेच सापडते.

त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी पाठवा. प्रत्येकाला वेगळा, सगळ्यांना सीसी करून एकच नको. हाताने लिहिलेलं कार्ड पोस्टाने पाठवायच्या भानगडीत पडू नका, हॉस्पिटलच्या मेलरूममधून ते कधी पोचेल सांगता येत नाही. गिफ्ट तर अजिबातच नको.

माझ्याकडून एकदा चूक झाली ती सांगते म्हणजे तुमच्याकडून होणार नाही. एका आठवड्यात तीन इंटरव्ह्यू होते, कंटाळून जुना ईमेल कॉपी केला आणि दुसऱ्या परिच्छेदात आधीच्या प्रोग्रामच्या शहराचं नाव तसंच राहिलं. सेंड झाल्यावर दिसलं. रात्रभर झोप नाही. सकाळी दोन ओळींत माफी मागून दुरुस्त ईमेल पाठवला, लांबलचक खुलासे केले नाहीत, आणि तेच बरोबर होतं असं आजही वाटतं. तेव्हापासून नेहमी कोऱ्या ईमेलवर सुरुवात, आणि पत्त्याची जागा अगदी शेवटी भरायची.

"तुम्ही माझी पहिली पसंती आहात" हे थँक यूमध्ये लिहायचं नाही. ते वेगळं पत्र, लेटर ऑफ इंटेंट, सगळे इंटरव्ह्यू झाल्यावर, नोव्हेंबरमध्ये रँक लिस्ट बंद व्हायच्या थोडं आधी, आणि एकाच प्रोग्रामला. दोघांना लिहाल तर ते खोटं आहे, आणि प्रत्येक स्पेशालिटीचं जग लहान असतं, डायरेक्टर एकमेकांशी बोलतात. प्रोग्रामने तुमची लिस्ट विचारणं नियमात बसत नाही, तुम्ही स्वतःहून सांगितलं तर चालतं.

उत्तर आलं नाही तर त्याचा काही अर्थ काढू नका, आणि "तुम्ही आलात तर आम्हाला आनंद होईल" असं गोड उत्तर आलं तरी ते वचन समजून लिस्ट वरखाली करू नका. १९९८ पासून मॅचचा अल्गोरिदम कॅंडिडेटच्या पसंतीपासून सुरू होतो, त्यामुळे मनात जो क्रम आहे तोच लिहिण्यात तुमचं नुकसान नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला निकाल कळतोच.

व्हिसाचे, म्हणजे जे-१ की एच-१बी वगैरे प्रश्न थँक यूमध्ये घुसडू नका, ते प्रोग्राम कोऑर्डिनेटरला वेगळे विचारा. आणि कोऑर्डिनेटरवरून आठवलं, तुमचा अख्खा दिवस त्या व्यक्तीने जुळवलेला असतो, लिंक चालली नाही तेव्हा फोन तिनेच उचललेला असतो, आणि तिला थँक यू लिहायचं बरेच जण विसरतात. मी पहिला ईमेल तिलाच लिहायचे. ज्यांचे पत्ते मिळाले नाहीत त्यांच्यासाठीचे ईमेल पण तिच्याकडेच पाठवून पुढे द्याल का असं विचारता येतं.