दुर्बिणीचं वजन मानेवरून खांद्यांवर: घरी शिवायचा हार्नेस

दुर्बिणीबरोबर जो पट्टा येतो तो गळ्यात घालायचा असतो, आणि माझी सगळी तक्रार त्या गळ्यापाशीच आहे. माझी दुर्बीण ८ × ४२ ची आहे. म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. या मापाच्या दुर्बिणी साधारण ६०० ते ८०० ग्रॅमच्या असतात. घरच्या काट्यावर माझी ७१० भरली. हे वजन हातात घेतलं तर काहीच वाटत नाही. पण मानेच्या मागे, जिथे मणका हाताला लागतो तिथे, दोन बोटं रुंदीच्या पट्टीवर तेवढंच वजन चार तास टांगून चाललं की दुसऱ्या दिवशी मान वळत नाही.

मी साताऱ्यात शाळेची दप्तरं आणि रेक्झिनची कव्हरं शिवते. आठवडाभर मान मशीनवर वाकलेली असते. रविवारी चाळकेवाडीच्या पठारावर किंवा ठोसेघरला जायचं ते पक्षी बघायला, मान वर करायला, आणि तिथेही मानच दुखायला लागली तेव्हा मी हार्नेस, म्हणजे दुर्बिणीचं वजन दोन्ही खांद्यांवर घेणारा पट्टा, शिवायला घेतला. आताचा माझा चौथा आहे. पहिले तीन का सोडले तेही सांगते, कारण त्या चुका तुम्ही पुन्हा करू नयेत असं मला मनापासून वाटतं.

पहिला मी इलास्टिकचा केला. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच हार्नेसना इलास्टिक असतं, म्हणून मलाही तेच बरोबर वाटलं. अजिंक्यताऱ्यावरून उतरताना दर पावलाला दुर्बीण उसळून छातीच्या हाडावर आपटायची. शिवाय डोळ्याला लावली की इलास्टिक खाली ओढतं, हात थरथरतो आणि आठपट मोठी झालेली थरथर भिंगात दिसते. दुसऱ्याचा पट्टा सुती निवारीचा होता. निवार अंगाला मऊ, पण ठोसेघरच्या पावसात भिजली की जड होते आणि दोन दिवस वाळत नाही. तिसऱ्याबद्दल पुढे गाठीपाशी सांगते.

दप्तराचे दोन पट्टे डोळ्यांसमोर आणा, फक्त दप्तर नाही. एकच लांब पट्टा इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा. आठाची दोन भोकं म्हणजे दोन खांदे, आणि मधली फुली पाठीवर. पट्ट्यावर छातीच्या बाजूला दोन कड्या मोकळ्या सरकतात आणि त्या कड्यांना दुर्बीण अडकते. या सरकण्यातच सगळी करामत आहे. दुर्बीण वर उचलली की कडी पट्ट्यावरून वर जाते, खांद्याकडचा भाग आखूड होतो आणि काखेकडचा तेवढा लांबतो. त्यामुळे इलास्टिकची गरजच उरत नाही.

सामान थोडंच लागतं. पाऊण इंची, म्हणजे २० मिलिमीटर रुंदीची बॅगेची पट्टी ३ मीटर. नायलॉनची मिळाली तर उत्तम, ती मऊ असते. पॉलिप्रॉपिलीनची हलकी आणि पाणी न पिणारी, पण तिची कड मानेला घासते. ती घेतलीत तर कॉलरचा कुर्ता घाला. त्याच मापाच्या प्लास्टिकच्या दोन डी-कड्या. दप्तराच्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला असते ती, ओढली की घट्ट होणारी कडी एक, जुन्या दप्तराची काढून घेतली तरी चालते. दोन लहान डॉग हुक, पर्सच्या पट्ट्याला असतात तसे. ३ मिलिमीटरची विणलेली नायलॉन दोरी अर्धा मीटरहून थोडी जास्त. मऊ चामड्याचे किंवा जाड रेक्झिनचे ७ सेंटिमीटरचे दोन चौकोन. धागा मात्र पॉलिस्टरचाच घ्या, सुती धागा घामाने कुजतो. साताऱ्यात मोती चौकाच्या बाजूला बॅगेचं सामान मिळतं. मला सगळं मिळून दीडशे रुपयांच्या आत पडलं.

आता माप. माप घेताना दुर्बीण डोळ्याला लावलेली हवी, छातीवर ठेवून घेतलेलं माप हमखास आखूड येतं. दुर्बीण डोळ्याला लावून उभ्या राहा आणि घरातल्या कुणाला तरी टेप धरायला सांगा. सुरुवात पाठीच्या मधोमध, दोन पात्यांच्या मध्ये. तिथून खांद्यावरून पुढे, दुर्बिणीला पट्टा ओवायचं जे कान असतं त्याच्या चार बोटं खाली, तिथून वळून काखेखालून पुन्हा पाठीच्या मध्यावर. माझं १०८ सेंटिमीटर आलं. दोन्ही खांद्यांचं २१६, आणि दुमड व घट्ट-सैल करायला २०. मी पट्टी २४० ला कापली. थंडीत स्वेटरवर घालणार असाल तर १० अजून धरा.

बायकांना एक वेगळं सांगायचंय. तयार हार्नेसमध्ये काहींना छातीवर आडवी पट्टी असते. ती सपाट छाती गृहीत धरून केलेली असते आणि आपल्याला ती कुठेही नीट बसत नाही. या रचनेत पुढे आडवं काहीच नाही, पट्टे बाजूने जातात. ओढणी मात्र हार्नेसच्या आत घ्या किंवा घरी ठेवा, डॉग हुकच्या तोंडात तिचा काठ अडकतो.

कापलेली टोकं मेणबत्तीवर धरून वितळवून घ्या, काळी होऊ द्यायची नाहीत, नुसती कड बसली पाहिजे. एक टोक घट्ट करायच्या कडीच्या बिनदातांच्या दांडीतून काढून ४ सेंटिमीटर दुमडा आणि शिवा. शिलाई चौकोनाची, आणि चौकोनात फुली. दप्तराचा पट्टा तुटतो तो जवळजवळ नेहमी इथे, एकाच सरळ रेघेच्या शिलाईवर. घरच्या मशीनला १६ किंवा १८ नंबरची सुई लावा आणि जाड जागी चाक हाताने फिरवा, नाहीतर सुई मोडते.

मग दोन्ही डी-कड्या सपाट बाजूने पट्ट्यावर ओवा. हे आत्ताच करा. आठ पूर्ण झाल्यावर कडी घालायला जागा राहत नाही, पुन्हा टोक सोडवत बसावं लागतं. आता पट्टा जमिनीवर आठाच्या आकारात मांडा. कुठेही पीळ नको, हाताने सगळीकडून फिरवून बघा. फुलीच्या खाली एक चौकोन, वर दुसरा.

इथे मी दोन हार्नेस बिघडवल्यावर एक गोष्ट शिकले. चौकोन पट्ट्याला शिवायचे नाहीत. चौकोन एकमेकांना शिवायचे, तेसुद्धा फक्त फुलीच्या चार खाचांमध्ये. पट्टे चौकोनाच्या कोपऱ्यांतून बाहेर येतील असे ठेवले की प्रत्येक बाजूला एक रिकामा त्रिकोण उरतो. त्या चार त्रिकोणांवर शिलाई मारा, पट्ट्याच्या कडेपासून दोराभर जागा सोडून. पट्टे आत मोकळे सरकले पाहिजेत. असं केलं की एकाच कडीने दोन्ही खांदे सारखे घट्ट-सैल होतात, आणि एक खांदा उतरता असला (माझा डावा आहे) तरी फुली आपोआप जागेवर येते. पाठीवर धातूची कडी लावू नका. हार्नेसवर सॅक चढली की ती मणक्यात रुतते, चामडं रुतत नाही.

मोकळं टोक घट्ट करायच्या कडीतून घ्या आणि शेवटचे २ सेंटिमीटर दोनदा दुमडून शिवा, म्हणजे टोक निसटणार नाही. ही कडी काखेच्या मागे, पाठीकडे यावी. पुढे आली तर डी-कडी तिच्यावर अडते.

आता दोरी, आणि तिसऱ्या हार्नेसची गोष्ट. मी दोरी कानातून घेऊन साधी दुहेरी गाठ मारली होती आणि टोकं जाळली होती. नायलॉन गुळगुळीत असतं, गाठ चालताना हळूहळू ढिली होते. यवतेश्वरच्या वाटेवर वडावर हरियल बसले होते. मी दुर्बीण खाली सोडली आणि एका बाजूची दोरी सुटली. दुसरी बाजू तिरकी होऊन दुर्बीण झोका घेऊन दगडावर आदळली. काच फुटली नाही, पण आतले प्रिझम हलले. तेव्हापासून एकाच्या जागी दोन पक्षी दिसायचे आणि पाच मिनिटांत डोकं दुखायचं. दुरुस्तीला महिना गेला.

म्हणून गाठ अशी मारा. ३० सेंटिमीटर दोरी दुर्बिणीच्या कानातून आणि डॉग हुकच्या खालच्या डोळ्यातून ओवा. दोन्ही टोकं एकमेकांच्या शेजारी उलट दिशेने ठेवा. पहिल्या टोकाने दुसऱ्या दोरीभोवती दोन वेढे घ्या आणि टोक त्या वेढ्यांच्या आतून काढून ओढा. दुसऱ्या टोकाने पहिल्या दोरीभोवती तसंच. मग दोन्ही बाजूंनी ओढलं की दोन गाठी सरकत येऊन एकमेकींना टेकतात. वजन जितकं पडेल तितक्या त्या आवळतात. बाहेर एक सेंटिमीटर टोक ठेवून मगच जाळा. तयार फासा चार बोटं लांब असावा. हुकच्या धातूवर जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवा, म्हणजे दुर्बिणीवर ओरखडे पडत नाहीत आणि खणखण आवाजाने पक्षी उडत नाहीत.

दुर्बीण लगेच लावू नका. हार्नेस दाराच्या वर खिळ्याला टांगा, प्रत्येक डी-कडीला तशीच गाठ मारलेल्या दोरीच्या फाश्याने एक लिटर पाण्याची भरलेली बाटली अडकवा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी चौकोनी शिलाई आणि गाठी भिंगातून बघा. धागा एका जागीही ताणलेला दिसला तर उसवून पुन्हा शिवा.

घालायचा तो सॅकच्या आधी. दुर्बीण बरगड्या संपतात तिथे टेकली की माप बरोबर. मग दहा वेळा उचलून खाली सोडा, कड्या न अडकता सरकल्या पाहिजेत. चाळकेवाडीला पवनचक्क्यांखाली हिवाळ्यात भोवत्या नावाचे शिकारी पक्षी येतात, गवताला लागून उडतात आणि ते उंचवट्यामागे जायच्या आत दुर्बीण डोळ्याला लागावी लागते. गळ्यातल्या पट्ट्याची दुर्बीण तिथल्या वाऱ्यात आधी झोके घेते. ही अंगालगत राहते, हात जातो तिथेच सापडते. माझा सगळा हार्नेस हुकांसकट ७० ग्रॅम भरतो.

झिजते ती फक्त कानातली दोरी. तिथे प्लास्टिकची कड असते आणि दोरी रोज त्याच जागी घासते. बोटाने चाचपली की तंतू उभे राहिलेले लागतात. तसे लागले की लगेच बदला. मी पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, दोन्ही बाजूंची बदलते.