जुन्या गाडीचा कार्बोरेटर: या चुका टाळा

येझदी, राजदूत, जुनी बुलेट, आरएक्स १००. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी-दिग्रस पट्ट्यात या गाड्या अजून शेतावर जातात आणि बाजाराच्या दिवशी दोन पोती घेऊन परत येतात. गाडी माझ्या दुरुस्तीच्या दुकानावर येते तेव्हा मालकाचं निदान आधीच झालेलं असतं. "भाऊ, कारबुरेटर पाहून द्या ना, लय मिसिंग मारून राह्यली." म्हणजे इंजिन चालताना अडखळतं. पाहतो. पण कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, मी शेवटी उघडतो, आणि तो आधी उघडणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

सगळा दोष कार्बोरेटरवर टाकणं

ही चूक सगळ्यात महाग पडते. आर्णीजवळच्या एका गावातला पोरगा एकदा प्लास्टिकच्या थैलीत फक्त कार्बोरेटर घेऊन आला. गाडी म्हणजे वडिलांनी नवी घेतलेली येझदी रोडकिंग. गाडी कुठं आहे विचारलं तर म्हणाला, "घरी हाये. गाडी कायले आनाची भाऊ, बिघडला तर हाच हाये." शहरातल्या एका गॅरेजात हा कार्बोरेटर आधी धुऊन झाला, मग त्याच्या जागी नवा डुप्लिकेट बसवला, तरी आजार तोच. सकाळी गार असताना गाडी झकास, दहा-बारा किलोमीटर गेलं की फटफट करून बंद. अर्धा तास बाभळीच्या सावलीत उभी केली की पुन्हा सुरू.

मी त्याला थैलीसकट परत पाठवलं आणि गाडी घेऊन ये म्हटलं. रागावला, पण दुसऱ्या दिवशी आला. मग आम्ही गाडी बंद पडेपर्यंत चालवली. अरुणावती नदीच्या पुलाच्या पुढे ती पडली आणि तिथंच, गरम असतानाच, मी ठिणगीचा प्लग काढला. प्लग ओला होता, म्हणजे पेट्रोल पोचत होतं. प्लग हेडला टेकवून किक मारली तर ठिणगी पिवळट, मरतुकडी. पॉईंटचं, म्हणजे उघडझाप करून ठिणगीची वेळ साधणाऱ्या भागाचं, झाकण काढून पुन्हा किक मारायला लावली, तर पॉईंटच्या मध्ये चांगली मोठी निळी ठिणगी उडत होती. जी ताकद प्लगवर जायला हवी ती तिथंच जळत होती. पॉईंटवरची ठिणगी दाबणारा छोटा भाग, म्हणजे कंडेन्सर, गेला होता. कंडेन्सर गार असताना नीट वागतो आणि तापला की साथ सोडतो, म्हणून हा आजार हुबेहूब पेट्रोलचा वाटतो. नव्या कार्बोरेटरच्या किमतीच्या पासंगालाही पुरणार नाही एवढी त्या सामानाची किंमत. मी कंडेन्सर बदलला, डुप्लिकेट कार्बोरेटर काढला आणि थैलीतला जुना परत चढवला.

तेव्हा गाडी गरम झाल्यावरच बंद पडत असेल तर पाना हातात घ्यायच्या आधी प्लगची ठिणगी बघा. आणि ती बंद पडली त्या जागी बघा. ढकलत दुकानापर्यंत आणलेली गाडी गार झालेली असते, मग तिच्यात दोष सापडत नाही.

दुसरी तपासणी टाकीच्या झाकणाची. झाकणातलं हवेचं बारीक भोक धुळीनं बुजलं की टाकीत हवा शिरत नाही, पेट्रोल उतरायचं थांबतं आणि दोन-तीन किलोमीटरवर गाडी दम तोडते. बंद पडल्याबरोबर झाकण उघडा. फुस्स असा आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली तर कार्बोरेटरला हात लावायचं कारणच नाही. मग कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोलची तोटी. कार्बोरेटरची नळी काढून बाटलीत सोडा आणि कॉक उघडा. धार अखंड पाहिजे. तुटत तुटत येत असेल तर कॉकची जाळी काढून धुवा.

जेटमध्ये तार घालणं

याची मला मनापासून चीड आहे. जेट, म्हणजे ज्याच्या बारीक भोकातून पेट्रोल मोजून जातं तो भाग, पितळेचा असतो आणि पितळ मऊ. त्यात लोक घालतात ब्रेक केबलचा तुटका पोलादी धागा, शिवणाची सुई, काहीही. भोक साफ होतं आणि मोठंही होतं. १ मिलिमीटरचं भोक फक्त ५ शतांश मिलिमीटरनं वाढलं तरी त्याचं क्षेत्रफळ सुमारे १० टक्क्यांनी वाढतं. हा फरक डोळ्याला दिसत नाही, पण पेट्रोल जास्त जातं, प्लग काळा पडतो, ॲव्हरेज बसतं. मग पेट्रोल कमी करायला कोणीतरी रेसबरोबर वर-खाली होणाऱ्या सुईची, म्हणजे नीडलची, क्लिप हलवतं, कोणी एअर स्क्रू पिळतं, आणि महिनाभरात त्या गाडीत काहीच मूळ जागेवर राहत नाही. पायलट जेटचं, म्हणजे कमी रेसवर पेट्रोल देणाऱ्या छोट्या जेटचं, भोक तर साधारण निम्म्याहून लहान, त्यामुळे तिथं तेवढ्याच ओरखड्याचा परिणाम दुपटीहून जास्त.

माझी सवय अशी: जेट काढायचा, झाकणाच्या डबीत कार्बोरेटर क्लीनर घालून रात्रभर बुडवून ठेवायचा, सकाळी पंपाच्या हवेनं उलट्या बाजूनं फुंकायचा. मग उजेडाकडे धरून बघायचं. भोक गोल आणि चकचकीत दिसलं पाहिजे. नाहीच निघालं तर झाडूच्या काडीचं किंवा प्लास्टिकच्या ब्रशचं एक केस, त्याहून कडक काही नाही. "पाच मिनिटांत करून द्या" म्हणणाऱ्याला मी गाडी परत नेऊ देतो.

आणि जुनं अस्सल पितळ फेकू नका. बाजारातल्या किटमधले जेट आणि नीडल यांच्यावरचा नंबर एक असतो आणि भोक दुसरंच. किटमधली पॅकिंग वापरा, फ्लोट पिन (कार्बोरेटरची खालची वाटी भरली की पेट्रोल अडवणारी सुई) बघून वापरा, बाकी जुनं धुऊन बसवा.

हवा कुठून शिरते ते न बघणं

स्लो, म्हणजे रेस न देता चालणाऱ्या इंजिनाचा वेग, एकसारखा राहत नाही, रेस सोडल्यावर आवाज लवकर उतरत नाही, प्लग पांढरा पडतो. ही लक्षणं दिसली की समजायचं, इंजिनाला चोरून हवा मिळते आहे. आरएक्स १०० मध्ये कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर उन्हानं तडकतं. वरून ठीक दिसतं, खालच्या बाजूला बोट फिरवलं की चीर हाताला लागते. दोन नटांवर कार्बोरेटर बसतो त्या गाड्यांत वेगळंच होतं. हवा लागते म्हणून नट आवळतात, अजून आवळतात, आणि कार्बोरेटरचा नट बसणारा कान धनुष्यासारखा वाकतो. मग मधून हवा शिरते, म्हणून पुन्हा आवळतात. काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर ठेवून तो कान सपाट घासून घ्यावा लागतो. वेळ लागतो, पण इलाज तोच.

तिथलं जाड फायबरचं पॅकिंग काढून लग्नपत्रिकेचं कापून लावलेलं मी पुष्कळदा पाहिलं आहे. ते फायबर हवा अडवायला असतंच, पण इंजिनाची उष्णता कार्बोरेटरपर्यंत जाऊ नये म्हणूनही असतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. पत्रिकेच्या पॅकिंगवर कार्बोरेटर इतका तापतो की उभ्या गाडीत पेट्रोल उकळायला लागतं, आणि चहा पिऊन आलेला माणूस किका मारून घामाघूम होतो.

टू स्ट्रोकमध्ये (येझदी, राजदूत, आरएक्स १००) रबर, पॅकिंग सगळं ठीक असूनही लक्षणं तीच राहिली तर मॅग्नेटच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील बघा. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअर ऑइल कमी होतं आणि धूर पांढरा, दाट येतो. यातलं काहीही कार्बोरेटरच्या स्क्रूनं दुरुस्त होत नाही. गाडी तशीच पळवली तर सीझ होते, म्हणजे पिस्टन आत जाम होतो, आणि मग बोअर-पिस्टनचा खर्च.

ऑइल जास्त घातलं की इंजिन वाचतं

असं नाही. टू स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्ये मिसळून घालतात तिथं जेटमधून जाणारं मिश्रण तेवढंच असतं. त्यात ऑइल वाढलं म्हणजे पेट्रोल कमी झालं, आणि इंजिन उलट जास्त तापतं. लिटरला ४० मिली म्हणजे १ ला २५. गाडीच्या पुस्तकात जे प्रमाण लिहिलं आहे ते मापानं घाला, अंदाजानं नाही.

स्क्रू फिरवत बसणं

एका वेळी एकच गोष्ट बदला. मी रेसच्या मुठीवर कागदी टेप लावतो आणि पाव, अर्धं, पाऊण अशा खुणा करतो. मिसिंग नेमकं कुठल्या खुणेवर येतं ते चालवून बघायचं. मूठ जेमतेम उघडली असताना पायलट जेट आणि एअर स्क्रू, पाव ते पाऊणमध्ये नीडल, त्यापुढे मेन जेट. नीडलची क्लिप वरच्या खाचेत नेली की पेट्रोल कमी, खालच्या खाचेत नेली की जास्त. हवेच्या बाजूचा स्क्रू आत पिळला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं. इंजिनाच्या बाजूला स्क्रू असेल तर बरोबर उलटं, म्हणून आधी तो कुठल्या बाजूला आहे ते बघा. फिरवण्याआधी किती आटे बाहेर होता ते वहीत लिहून ठेवा, आणि आत बसवताना पिळू नका, टोक मोडतं.

प्लगच्या रंगाबद्दल एक सांगतो. जुने मिस्त्री विटकरी रंग शोधायला शिकवायचे. तो शिशाच्या पेट्रोलचा काळ होता. फेब्रुवारी २००० पासून देशात सगळीकडे शिसेविरहित पेट्रोलच मिळतं आणि रंग फिका येतो. तो बघून उगाच मोठा जेट टाकू नका.

ओव्हरफ्लो होत असेल तर फ्लोटची, म्हणजे वाटीत तरंगणाऱ्या डबीची, पत्ती वाकवायच्या आधी फ्लोट पिनचं टोक भिंगातून बघा. त्यावर गोल घळ पडली असेल तर पिन बदला. पितळी फ्लोट कानाजवळ हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटला आहे. गरम पाण्यात बुडवला की बुडबुड्यावरून भोक सापडतं. डाग देण्याआधी आतलं पेट्रोल आणि वाफ पूर्ण निघून गेली पाहिजे, नाहीतर तो हातात फुटेल.

एअर फिल्टर काढून चालवू नका. सोयाबीनच्या मळणीत आणि जिनिंगच्या रस्त्यावर तर नाहीच. फिल्टरवर कापसाची रुई बसली की गाडी जास्त पेट्रोल खाते, ती महिन्याला झटका. फिल्टरच काढला तर धूळ कार्बोरेटरमधली रेसबरोबर वर-खाली होणारी स्लाइड घासते, आणि घासलेल्या स्लाइडवर स्लो कधीच बसत नाही.

बाटलीतलं पेट्रोल अडीनडीलाच घ्या.

आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढतं आणि जुनी रबरं फुगवतं. पावसाळ्यात पेरणीनंतर गाडी उभी राहणार असेल तर कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे वाटी रिकामी होते. पोळ्याला गाडी काढाल तेव्हा वाटीचा खालचा नट सोडून बघा. तळाशी पाण्याचा थेंब दिसला तर टाकीतलं पेट्रोलही काढा, त्यावर किक मारू नका.