शॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा) घरी आणलाय? काचेच्या टाकीत ठेवू नका

आपल्या रानातला पकडून आणला असेल तर आधी वनविभागाला कळवा, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो पाळताच येत नाही. येमेनचा व्हेल्ड जातीचा शॅमेलिऑन असेल तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करा न मग पुढचं.

पिंजरा जाळीचा घ्या, २ बाय २ न ४ फूट उंच, त्याला वरवर चढायचं असतं. वाटीत पाणी ठेवून काही उपयोग नाही, साचलेलं पाणी त्याला कळतच नाही, पानावरचे थेंब चाटतो तो, म्हणून सकाळ-संध्याकाळ स्प्रे मारायचा. यूव्हीबी (उन्हातल्या अतिनील किरणांची) ट्यूब दिवसाला १२ तास पाहिजेच, खिडकीतलं ऊन चालतंय की म्हणतात लोक पण काचेतून यूव्हीबी येत नाही, न मग हाडं मऊ पडतात. खायला द्यायच्या किड्यांवर कॅल्शियम पावडर भुरभुरून द्या.

ऊब देणाऱ्या हीट बल्बखालची जागा ३० डिग्रीच्या आसपास बास. आता परभणी-नांदेडकडं मे महिन्यात घरातच तेवढं असतंय, तेव्हा हीट बल्ब बंद ठेवा, यूव्हीबी मात्र चालू, न कुलरचा झोत थेट अंगावर नको. आणि सारखं हातात घेऊन रील काढू नका, काळा पडला की समजा वैतागलाय.